वाहनांवरील रंगकला आणि तरुणांची जडणघडण

धुळ्याहून आग्रा रोडने राजस्थानकडे निघालेली मालमोटार सातपुडा व नर्मदा ओलांडते, विंध्याचा घाट चढते आणि माळव्याच्या पठारावर येते. पुढे लेबड, बदनावर, रतलाम, जावरा व नीमच असा तिचा मार्ग असतो. बदनावर हे धार जिल्ह्यातील तहसिलीचे गाव होय. पवारांच्या धार संस्थानामुळे हा मुलूख मराठी माणसास परका नाही. अशा रस्त्यालगतच्या गावांतून टायरवाला, बॅटरीवाला, वेल्डर यांच्या ओळीत एखादा पेंटरही बसलेला आढळतो. तो मालमोटारीच्या फाळक्यावर कमळ काढीत असतो, नाहीतर मालकाच्या गावाचे नाव रंगवीत असतो. शाळा सुटल्यावर दोन-तीन मुले तेथे रेंगाळतात व त्याचा हात कसा फिरतो ते एकटक पाहत राहतात.

या मुलांना कोणी हटकून घालवून देतो, कोणी फुकटचे कामास जुंपतो. तिसरा मार्गही आहे. मोठ्याने आपला छंद मुलांबरोबर वाटून घ्यावा व त्यातून त्यांना घडवावे, हा तो मार्ग होय. तो कसा अनुसरावा आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार या लेखात केला आहे.

चासीवर उभी राहिलेली कला

आपल्याकडे बैलगाडी रंगविण्याची व पोळ्याला बैलांची शिंगे रंगविण्याची रीत फार जुनी आहे. जे साधन घर चालविते त्याला सजवावे, ही भावना तिच्यामागे आहे. १९५४ पासून टेल्को कंपनीने डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. त्या काळी मालमोटार बहुधा इंजिन व चासी एवढ्याच स्वरूपात विकली जाई. लाकडी कॅबिन व मागचा सांगाडा गावोगावचे सुतार व लोहार बांधीत. हाताने बांधलेली गाडी हातानेच रंगविली जाणे स्वाभाविक होते. बैलगाडीवरील फुले-वेली अशा रीतीने मालमोटारीवर आल्या. मोर, गाय-वासरू, गरुड, देवादिकांची नावे, मुलाबाळांची नावे आणि वाईट नजर दूर ठेवणारी वाक्ये यांनी गाडीचे अंग भरून गेले. महिनोन् महिने घरापासून दूर असणाऱ्या चालकाला या चित्रांत आपले घर दिसते.

माळव्यातील गुरु-शिष्य परंपरा

हाताखाली राहून शिकण्याची परंपरा माळव्यात नवी नाही. मूळचे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धार येथे स्थायिक झाले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांनीच घडविलेला आहे. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. त्यांच्या धार येथील कार्यशाळेत अनेकांनी मातीकाम व मूर्तिकाम यांचे धडे घेतले. इंदूर येथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकला विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन हे त्यांच्याच शिष्यवर्गातील होत. हुसेन यांनी पुढे मुंबईत चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून उपजीविका केली. फलक रंगविणारा हात आणि चित्रकाराचा हात हे एकमेकांपासून फार दूर नसतात, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. रस्त्याकडेच्या पेंटरकडे शिकणाऱ्या मुलाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

एका फाळक्यावरील धडे

रंगकामाचा आरंभ रंगाने होत नाही. प्रथम पृष्ठभाग तयार करावा लागतो. गंज व सुटलेला रंग काढणे, पॉलिश पेपरने पत्रा घासणे, खड्ड्यांत लांबी भरणे, ती वाळल्यावर पुन्हा घासणे, त्यावर रेड ऑक्साइडचा अथवा अन्य प्रायमरचा हात देणे आणि मग मूळ रंगाचे हात देणे, असा हा क्रम आहे. या कामात घाई चालत नाही. ओल्या हातावर दुसरा हात दिल्यास रंग ओघळतो व सुरकुततो. मुलाला थांबण्याची शिस्त येथे प्रथम लागते, आणि ती कोणाच्या उपदेशाने लागत नाही, वाळत असलेल्या रंगामुळे लागते.

त्यानंतर आखणी येते. दोन टोकांना धरलेली खडू लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. या साध्या कामालाही दोन माणसे लागतात. फाळक्याची लांबी मोजावी, अक्षरे मोजावी, दोन शब्दांतील जागा धरावी व मध्य काढावा लागतो. वर्गात अपूर्णांकांना कंटाळणारा मुलगा येथे आपणहून भागाकार करतो, कारण हिशेब चुकल्यास शेवटचे अक्षर फाळक्याबाहेर जाते.

देवनागरी अक्षरे रंगविताना प्रथम शिरोरेषा आखतात. काना, मात्रा व वेलांटी यांना वर-खाली जागा सोडावी लागते. अक्षराला उठाव येण्यासाठी त्याला सावली देतात. उजेड डावीकडून व वरून येतो असे मानले, तर प्रत्येक अक्षराची सावली उजवीकडे व खालीच पडली पाहिजे. एका अक्षराची सावली जरी उलट पडली तरी सगळी ओळ बिघडते. शुद्धलेखनाचेही तसेच आहे. वहीतील चूक गुरुजींनाच दिसते, फाळक्यावरील चूक गाडीबरोबर गावोगाव हिंडते. म्हणून लिहिण्यापूर्वी शब्द कागदावर लिहून कोणाकडून तरी तपासून घेण्याची सवय लागते.

नक्षीची दोन्ही अंगे सारखी येण्यासाठी खाका वापरतात. कागदावर अर्धे फूल काढून त्याच्या रेषेवर सुईने छिद्रे पाडावीत. कागद पत्र्यावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटावी. ठिपके उमटल्यावर कागद उलटा करून दुसरी बाजू उठवावी. समरूपता म्हणजे काय, हे फळ्यावरील आकृतीपेक्षा या कृतीने लवकर उमगते.

सोबत हेच खरे शिक्षण

तेरा-चौदा वर्षांची मुले मोठ्यांसमोर बसून विचारलेल्या प्रश्नांना सहसा मोकळी उत्तरे देत नाहीत. दोघांचीही नजर एकाच रेघेवर असली की बोलणे सहज निघते. घरातील ओढाताण, परीक्षेतील अपयश, शाळा सोडण्याचा विचार, वाईट संगत या गोष्टी कुंचला धुताना बोलल्या जातात. शिकविणाऱ्याने त्या ऐकून घ्याव्यात, लगेच निवाडा देऊ नये. गंभीर बाब असेल तर पालकांना किंवा शिक्षकांना विश्वासात घ्यावे.

असा शिकविणारा नामांकित कलावंत असलाच पाहिजे असे नाही. धंद्यातील पेंटर, चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त चालक, हौसेने आपली मोटारसायकल रंगविणारा तरुण, यांपैकी कोणीही ते करू शकेल. आठवड्यातील ठराविक दिवस व वेळ त्याने पाळावी. एका वेळी तीन-चारच मुले घ्यावीत. मुलाने केलेली चूक स्वतःच्या हाताने पुसून टाकू नये, त्याच्याकडूनच दुरुस्त करवून घ्यावी. पूर्ण झालेल्या कामावर मुलाचे नाव एका कोपऱ्यात लिहू द्यावे. आपल्या नावाखालचे काम चांगले दिसावे, ही इच्छा मुलाला पुष्कळ काही शिकविते. मुलींनाही या कामात बरोबरीने घ्यावे. माळव्यातील मांडणा व संझा, महाराष्ट्रातील रांगोळी यांमुळे त्यांच्या हाताला नक्षीचे वळण आधीपासूनच असते. काम उघड्यावर, चारचौघांच्या नजरेसमोर चालावे, म्हणजे पालकही निश्चिंत राहतात.

छंद आणि मजुरी

या ठिकाणी एक सीमारेषा स्पष्ट केली पाहिजे. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत घरच्या, धोका नसलेल्या कामात केलेली मदत एवढाच प्रमुख अपवाद आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक कामास लावण्यास मनाई आहे. ‘शिकतो आहे’ या नावाखाली दिवसभर गाड्या घासणारा मुलगा हा शिष्य नसून बालकामगार होय.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मुलगा शाळेत नियमित जातो काय? त्याला वाटेल तेव्हा घरी जाता येते काय? त्याच्या हाती कुंचला येतो की केवळ पॉलिश पेपर? गिऱ्हाइकाच्या गाडीचे काम त्याच्याकडून करवून घेतले जाते काय? या प्रश्नांची उत्तरे ग्रामस्थांनी व शिक्षकांनी डोळसपणे पाहावीत. छंदासाठी गिऱ्हाइकाची गाडी न वापरता जुने मडगार्ड, भंगारातील पत्रा, मोडकी सायकल किंवा घरची बैलगाडी वापरणे केव्हाही इष्ट. पुढे या कामाचाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील रंगकामाचे अभ्यासक्रम आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील प्रशिक्षण हे रीतसर मार्ग उपलब्ध आहेत.

आरोग्याची काळजी

चकचकीत पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांत शिशाचे क्षार असू शकतात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते व तो अपाय सहसा भरून येत नाही. भारतात २०१६ च्या नियमांनी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग एवढे मर्यादित केले. ते नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतेच आहेत. वाहनांसाठी व कारखान्यांसाठी विकले जाणारे रंग त्यांत येत नाहीत, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. यास्तव मुलांच्या सरावासाठी डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख असलेला घरगुती इनॅमल रंगच आणावा.

जुन्या गाडीचा रंग मुलांना खरवडू देऊ नये. मोठ्यांनीही तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. फवाऱ्याने मारावयाच्या दोन भागांच्या रंगांतील काही द्रव्यांनी दमा जडू शकतो. त्या कामापासून मुलांना दूर ठेवावे व त्यांच्या हाती केवळ ब्रश द्यावा. थिनर हा ज्वालाग्राही असतो, आणि त्याच्या वासाचे व्यसन काही मुलांना लागते. म्हणून तो नेहमी मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात असावा. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी काही खाऊ नये.

वाहनाचे नियम

गाडी रंगवीत असताना रस्त्याचे नियमही शिकविता येतात. नोंदणी पुस्तकात वाहनाच्या रंगाची नोंद असते. मूळ रंग बदलावयाचा असेल तर परिवहन कार्यालयाची रीतसर अनुमती घ्यावी. क्रमांकपट्टीवर नक्षी किंवा वळणदार अक्षरे चालत नाहीत. दिवे व परावर्तक पट्ट्या, म्हणजे पुढील पांढऱ्या आणि मागील तांबड्या, रंगाने किंचितही झाकल्या जाऊ नयेत. रात्री उभ्या असलेल्या गाडीची जाणीव मागून येणाऱ्यास त्यांच्यामुळेच होते. फाळक्यावरील शब्दांचाही विचार करावा. उगाच हॉर्न वाजविण्यास उत्तेजन मिळते या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांस मनाई केली. आपण रंगविलेल्या शब्दांचा रस्त्यावर परिणाम होतो, हे मुलांना यावरून समजावून देता येईल.

बदलता काळ

धार जिल्ह्यातीलच पिथमपूर येथे आज वाहननिर्मितीचे मोठे कारखाने आहेत. कारखान्यातून रंगविलेली तयार कॅबिन येऊ लागली, यंत्रावर कापलेले स्टिकर स्वस्तात मिळू लागले आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी कंपनीकडूनच येऊ लागली. पेंटरचे काम त्यामुळे घटले आहे. उपजीविका म्हणून या कलेचा विस्तार पूर्वीइतका राहील, असे मुलांना सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि हाताला लागलेले अक्षराचे वळण, मापाची नजर व रंगाची जाण दुकानाच्या पाट्या, शाळांच्या भिंती, रंगमंचाचे पडदे व संगणकावरील आरेखन या सर्वांत उपयोगी पडते.

अन्य देशांनीही या कलेची दखल घेतली आहे. कराचीचे हैदर अली यांनी मालमोटार रंगविण्याचे काम वडिलांजवळ शिकून घेतले. २००२ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन लोककला महोत्सवात त्यांनी रंगविलेली बेडफर्ड मालमोटार मांडण्यात आली होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या चिमायो गावातील १९६९ ची एक फोर्ड मोटार तेथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. तिच्या मालकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी व मित्रांनी तिच्या सजावटीचे काम पुढे नेले. एका गाडीभोवती घर व गाव कसे एकत्र येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

गावाने करावयाचे कार्य

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचविले आहे. त्या कारागिरांत सुतार, कुंभार व चित्रकार यांचा उल्लेख आहे. गावच्या पेंटरला या दहा दिवसांत सन्मानाने शाळेत बोलावण्यास कोणतीही अडचण नाही. ग्रामपंचायतीने एखादी सावलीची जागा द्यावी, शाळेने मुलांची व पालकांच्या संमतीची नोंद ठेवावी, गॅरेजवाल्यांनी टाकाऊ पत्रे द्यावेत. पोळ्याच्या आधी गावातील बैलगाड्या व वर्षातून एकदा शाळेची पाण्याची टाकी मुलांनी रंगवावी. या सर्वांस खर्च फार येत नाही.

रस्त्याकडेला उभी असलेली मुले आज फक्त पाहत आहेत. उद्या त्यांना कोणीतरी हाक मारणारच आहे. ती हाक जाणत्या व प्रेमळ माणसाची असावी, एवढी दक्षता गावाने घेतली पाहिजे.