एक रिग, तीन कान

मोर्स ऐकताना मला ५०० हर्ट्झचा, जरा खर्जातला स्वर लागतो. आमच्या क्लबातल्या एका तरुण हॅमला ७०० च्या खाली काही ऐकूच येत नाही म्हणे. तिसरे आमचे काका मोर्सच्या वाटेला जात नाहीत. ते माइकवर बोलणारे, आणि आवाज मुळातच भारदस्त, त्यामुळे बेस कमी करून ट्रेबल चढवल्याशिवाय पलीकडच्याला त्यांचे शब्द सुटे लागत नाहीत. रिग मात्र तिघांत एकच: आयकॉमची आयसी-७३००, शंभर वॉटची, २०१६ साली बाजारात आलेली.

मी शिकलो ती यासूच्या एफटी-१०१ वर. तिला स्वतःची आठवण अशी नव्हतीच. बँड बदलला की प्रीसिलेक्ट, प्लेट आणि लोडिंग हे तीन नॉब फिरवून मीटरवर नजर ठेवत पुन्हा जुळवणी करायची. माझ्या गुरुजींनी रिगच्या कपाळावर पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवला होता. त्यावर प्रत्येक बँडपुढे तिन्ही नॉबचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले, आणि अँटेना बदलली की खोडून नव्याने. ते कार्ड हीच त्या रिगची मेमरी.

पुढे मेमरी रिगच्या पोटात आली, पण ती जपणं सोपं नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या आयसी-७५१ मध्ये रॅमचं एक छोटं कार्ड असे आणि एक लिथियम सेल ते जागं ठेवी. सेल संपला की साठवलेल्या फ्रिक्वेन्सी तर जातच, शिवाय रिग ज्यावर चाले तो प्रोग्रामही त्याच रॅममध्ये असल्याने अख्खं यंत्र मुकं होई. म्हणून जाणते लोक जुना सेल काढण्याआधी दुसरा पुरवठा समांतर जोडून घेत.

७३०० मध्ये ही धास्ती उरली नाही, पण एक गैरसमज नव्या हॅमांत मला वारंवार दिसतो. तिच्यात ९९ मेमरी चॅनल आहेत, त्यामुळे ‘माझी सेटिंग मेमरीत आहेत’ असं ते निर्धास्तपणे सांगतात. चॅनलमध्ये राहतात त्या फ्रिक्वेन्सी, मोड, फिल्टर अशा गोष्टी. माइक गेन, बेस-ट्रेबल, मोर्सचा स्वर, कीअरमध्ये भरलेले आठ संदेश हे त्या चॅनलमध्ये नसतं. आणि ऑपरेटरची खरी ओळख तर तिथेच असते.

ते सगळं एकत्र ठेवायची जागा म्हणजे एसडी कार्ड. मेन्यू, सेट, एसडी कार्ड, सेव्ह सेटिंग, न्यू फाइल: पाच-सहा वेळा बोट टेकवायचं, बस. फाइलला नाव तारखेवरून आपोआप पडतं. ते बदलून स्वतःचं द्यावं, नाहीतर महिन्याभरात कुठली फाइल कुणाची हे कळेनासं होतं. परत आणताना लोड सेटिंग दाबायचं; मग रिग बंद होऊन पुन्हा सुरू झाली की माझा ५०० चा स्वर कानाशी हजर असतो. एफटी-८ खेळणाऱ्यांना तर फर्मवेअरच्या नंतरच्या आवृत्तीने प्रीसेटची सोय दिली. एका दाबात मोड, फिल्टर, यूएसबीतून येणारा ऑडिओ सगळं डिजिटलला साजेसं होतं, कॉम्प्रेसर बंद होतो, आणि काम झाल्यावर पूर्वीची मांडणी परतही आणता येते.

हे इतकं तपशिलाने सांगतोय त्याला कारण आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ४८ तासांची सीक्यू वर्ल्डवाइड मोर्स स्पर्धा असते. एका वर्षी तिच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी किरकोळ बिघाड काढण्यासाठी ऑल रिसेट केला. पार्शल रिसेटने चॅनल तरी वाचले असते. कीअरचे संदेश, फिल्टरच्या रुंदी, तिघांच्या खुणा सगळं पुसलं गेलं. बॅकअप कुणाकडेच नव्हता. रात्री दोनपर्यंत आम्ही आठवून आठवून आकडे भरत बसलो, आणि पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू झाली तेव्हा माझा हात जड होता.

आता कार्डात तीन फाइली आहेत, तिघांच्या नावाने, आणि त्यांची प्रत क्लबच्या संगणकावर. तुमच्याकडे कुठल्याही कंपनीची रिग असो, फर्मवेअर बदलण्याआधी, रिसेटला हात लावण्याआधी, रिग दुरुस्तीला धाडण्याआधी एक फाइल काढून ठेवा. आज शॅकमध्ये बसाल तेव्हा सीक्यू देण्याआधी तेवढं करा.