लठ्ठ मूल आणि घरचें ताट

आपल्याकडे मुलाच्या प्रकृतीचें माप पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या गालांवरून घेतलें गेलें. मूल गुबगुबीत असलें कीं "खात्यापित्या घरचें आहे" असें कौतुक होई, आणि किडकिडीत असलें कीं सर्वांचें बोट आईकडे वळे. ज्या काळीं हगवण आणि दुष्काळ यांनीं मुलें दगावत, त्या काळीं अंगावरचें मांस हा खरोखरच एक आधार होता. तेव्हां या कौतुकास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील ५ ते १९ वर्षांच्या ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचें वजन प्रमाणाबाहेर होतें, व त्यांपैकीं १६ कोटी लठ्ठ या सदरांत पडत होतीं. शहरांतील सुखवस्तु घरांत तर ही चिंता आतां नित्याची होऊं लागली आहे.

भारतीय मुलाच्या बाबतींत ती अधिकच लक्षांत घेण्यासारखी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांशीं केली. तें संशोधन २००३ सालीं प्रसिद्ध झालें. इकडच्या बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर तिकडच्यांचें ३.५ किलो. तरीही इकडच्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी उणी नव्हती. उणे होते ते स्नायु. दिल्लींतील सुमारें १५०० जणांच्या जन्मापासूनच्या नोंदींवरून २००४ सालीं असें दिसून आलें कीं, तरुणपणीं ज्यांस मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था जडली, तीं माणसें पहिल्या दोन वर्षांत बारीक होतीं व पुढें बाराव्या वर्षापर्यंत स्वतःच्याच पूर्वीच्या मानानें भराभर भरत गेलीं होतीं. बारीक बाळास "भरून काढण्याची" आजीची घाई सद्‌हेतूची खरी, पण निर्धोक नव्हे.

मग मुलास उपाशी ठेवावें काय? मुळींच नाहीं. वाढत्या मुलाजवळ एक असें साधन आहे कीं जें मोठ्या माणसाजवळ नसतें, तें म्हणजे त्याची वाढती उंची. नऊ वर्षांचा एक मुलगा १३० सेंटिमीटर उंच व ३८ किलो वजनाचा आहे असें समजा. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां २२.५ हा आंकडा येतो. त्या वयास तो बराच जास्त आहे. दोन वर्षें वजन तेवढेंच राहिलें आणि उंची १४१ सेंटिमीटर झाली, तर तोच आंकडा १९ च्या आसपास उतरतो. एक किलोही न घटवितां! म्हणून पुष्कळ मुलांच्या बाबतींत वजन उतरविणें हा हेतु नसून तें थोपवून धरणें एवढाच हेतु असतो. रोज काट्यावर उभें करणें हा मात्र निव्वळ छळ होय. दोन-तीन महिन्यांतून एकदां उंची व वजन टिपून ठेवावें.

खरी अडचण ताटाशीं येते. "पानांत टाकूं नये" हा संस्कार चांगला आहे, तो सोडण्याचें प्रयोजन नाहीं. चूक टाकण्यांत नसते, वाढण्यांत असते. आईनें आपल्या अंदाजानें पान भरावयाचें आणि मुलानें तें संपवावयाचें, अशानें पोट भरल्याची जाणीव हळूहळू बोथट होते. थोडें वाढावें, मागितल्यास पुन्हां वाढावें. पानही स्वच्छ राहतें. काय शिजावें व केव्हां बसावें हें वडील माणसांनीं ठरवावें. किती खावें हें मुलानें.

त्याहून अवघड गोष्ट अशी कीं, एकाच मुलास वेगळें काढतां येत नाहीं. वडिलांच्या बशींत फरसाण, धाकट्या बहिणीस आइसक्रीम, आणि याच्यापुढें काकडी, ही शिक्षा झाली. मूल मग चोरून खावयास शिकतें. घरांतील खारी, बिस्किटें व गोड पेयें सर्वांसाठींच कमी झालीं पाहिजेत. बाटलींतील गोड पेयाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यांत सुमारें २० ग्रॅम, म्हणजे चार-पांच चमचे साखर असते, आणि तिनें भूक भागत नाहीं. दिवाळीच्या लाडवावर मात्र कोणी रुसूं नये. गणित सुटलें कीं चॉकलेट, ही रीत जितकी लवकर जाईल तितकें बरें.

"जाड्या", "ढब्बू" हीं नांवें घरांतच लाडानें पडतात आणि शाळेंत तींच मुलास मैदानापासून दूर नेतात. धांवण्याची ज्यास सर्वांत गरज, तोच कडेला बसतो. रोज तासभर दम लागेल असा खेळ हवा, मग ती लंगडी असो वा सायकल. निजतेवेळीं मोबाइल उशाशीं नको. शाळकरी मुलास नऊ तासांहून कमी झोंप पुरत नाहीं.

कांहीं खुणा मात्र घरीं बसून पाहण्याच्या नव्हेत. वजन वाढत असून उंची खुंटली असेल, तर ग्रंथींच्या विकाराची शंका घ्यावी लागते. मूल झोंपेंत मोठ्यानें घोरत असेल, तरी तें डॉक्टरांस सांगावें. आणि मानेवर काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसत असेल, तर तो मळ समजून पुष्कळ घरीं नहाणाच्या वेळीं खसाखसा घांसतात. तो घांसून जात नाहीं. तेथें साबण ठेवून बालरोगतज्ज्ञाकडे जावें व रक्तांतील साखर तपासून घ्यावी.