अ‍ॅलन कॉर्मॅक

अ‍ॅलन मॅक्लिऑड कॉर्मॅक (२३ फेब्रुवारी १९२४, जोहान्सबर्ग – ७ मे १९९८, विंचेस्टर, मॅसॅच्युसेट्स) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ होते. सीटी स्कॅनला पायाभूत ठरलेल्या गणिती पद्धतीसाठी त्यांना गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यासह १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांपैकी कोणीही वैद्य नव्हते. डॉक्टरेटही दोघांकडे नव्हती.

केप टाउन विद्यापीठात शिक्षण आणि केंब्रिज येथे काही काळ संशोधन केल्यावर १९५० मध्ये ते केप टाउनलाच अधिव्याख्याते झाले. १९५५ मध्ये तेथील ग्रूट स्खिअर रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने पद सोडले. किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख कायद्याने आवश्यक असल्याने कॉर्मॅक आठवड्यातून दीड दिवस तेथे जाऊ लागले. किरणोपचाराची मात्रा ठरवताना हाड, स्नायू व फुप्फुस यांतील फरक विचारात न घेता शरीर एकजिनसी मानले जात असे. हे त्यांना खटकले.

क्ष-किरणाची घटलेली तीव्रता मोजल्यास त्याच्या संपूर्ण मार्गावरील शोषणाची बेरीज तेवढी कळते. त्यात कोणत्या बिंदूचा वाटा किती, हे कळत नाही. निरनिराळ्या दिशांनी अशा पुष्कळ बेरजा घेऊन प्रत्येक बिंदूचे शोषण गणिताने काढण्याची रीत कॉर्मॅक यांनी शोधली.

१९५७ मध्ये त्यांनी तिची परीक्षा घेतली. मध्ये अ‍ॅल्युमिनियम व भोवती लाकडाचे कडे असलेल्या चकतीतून त्यांनी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण पाठवले. चकती सर्व बाजूंनी सारखी असल्याने एकाच दिशेची मोजमापे पुरेशी होती. आकडेमोडीत मात्र केंद्रापाशी विसंगती दिसली. कार्यशाळेत चौकशी करता समजले, की अ‍ॅल्युमिनियमच्या मध्यभागी किंचित कमी शोषण करणारी, सुमारे १ सेंमी व्यासाची खुंटी बसवलेली होती. पद्धत चुकली नव्हती; कॉर्मॅक यांना ठाऊक नसलेली वस्तू तिने चकती न कापता दाखवली होती.

त्याच वर्षी ते अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांचा मुख्य विषय कणभौतिकी हाच राहिला. प्रतिमांकनाचे काम सवडीने चाले. १९६३ व १९६४ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आलेल्या त्यांच्या दोन लेखांकडे जवळजवळ कोणीच लक्ष दिले नाही. प्रतीसाठी आलेल्या मोजक्या पत्रांपैकी एक स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचे होते. डोंगरावरील बर्फाच्या थरांचा अभ्यास करण्यास ही पद्धत उपयोगी पडेल, अशी त्यांना आशा होती.

इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्रण झाले. हाच गणिती प्रश्न ऑस्ट्रियाचे गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सोडवला होता, हे कॉर्मॅक यांना स्वतःचे लेख प्रसिद्ध झाल्यानंतर कित्येक वर्षांनी कळले.