मोटारसायकलीच्या इंजिनातील तेल

पेट्रोल संपले म्हणजे मोटारसायकल थांबते, आणि थांबण्याचे कारण स्वाराला शोधत बसावे लागत नाही. इंजिनातील तेलाचे तसे नाही. ते निम्म्यावर आले तरी गाडी सुरू होते, गिअर पडतात, वेगही मिळतो. शंभर घन सेंटीमीटरच्या आसपासच्या बहुतेक साध्या गाड्यांवर तेल कमी झाल्याची सूचना देणारा दिवा नसतो. घरोघर दूध पोचविणारा गवळी, आडगावच्या शाळेवर नेमलेला शिक्षक, फिरता विक्रेता अशा कितीतरी लोकांची रोजची मिळकत या यंत्रावर अवलंबून असते. आणि ते यंत्र एखाद्या दिवशी चढावर कर्कश आवाज करून जागच्या जागी अडकते. गॅरेजच्या भाषेत याला इंजिन 'सीझ' होणे म्हणतात. मग दट्ट्या, सिलिंडर, कॅम असे महागाचे भाग बदलण्याची पाळी येते. पुष्कळदा या अनर्थाच्या मुळाशी अर्ध्या लिटर तेलाचीच उणीव असते. ती वेळीच ओळखण्यासाठी स्वाराच्या हाती पातळी पाहण्याची एक लहानशी पट्टी किंवा इंजिनाच्या बाजूस बसविलेली वाटोळी काच असते. हे साधन कसे वापरावे आणि ते केव्हा खोटे बोलते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. येथील विवेचन चार धावांच्या, म्हणजे 'फोर स्ट्रोक' इंजिनांपुरते आहे. राजदूत, जावा यांसारख्या जुन्या दोन धावांच्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे व ते त्याबरोबर जळून जाई. गिअरपेटीचे तेल वेगळे असे. भारतात १९८५ मध्ये हिरो होंडाची 'सीडी १००' ही गाडी आली आणि लहान चार धावी इंजिनांचा प्रसार वाढत गेला. या इंजिनांत तेल पेट्रोलबरोबर जळावयाचे नसते. ते इंजिनाच्या तळाशी साठविलेले असते आणि तेच पुन्हापुन्हा फिरत राहते. तेव्हा एकदा घातलेले तेल बदलण्याच्या दिवसापर्यंत जसेच्या तसे राहणार, अशी समजूत होणे साहजिक आहे. ती खरी नाही.

तेल काय काम करते याची कल्पना येण्यासाठी थोडा हिशेब करू. शंभर घन सेंटीमीटरच्या एका परिचित इंजिनात दट्ट्याची एक धाव ४९.५ मिलिमीटर असते. इंजिनाचा दांडा मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यात दट्ट्या एकदा खाली व एकदा वर जातो. म्हणजे एका मिनिटात तो सुमारे ५९४ मीटर, सेकंदाला जवळजवळ दहा मीटर अंतर सिलिंडरच्या भिंतीला घासत तोडतो. दर सेकंदाला दोनशे वेळा त्याला थांबून दिशा बदलावी लागते. धातूवर धातू असा घासू लागला तर घर्षणाच्या उष्णतेने काही वेळातच पृष्ठभाग एकमेकांना चिकटू लागतील. तसे होत नाही, कारण दोहोंमध्ये तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो.

हा पापुद्रा एवढा भार कसा पेलतो, हे कोडे सुटले ते रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांमधून. इंग्लंडातील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हे बेअरिंगांच्या घर्षणाचा अभ्यास करीत होते. त्यांचा वृत्तांत १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या यंत्रात फिरणारा आस खालून तेलात बुडालेला होता व वरून बेअरिंगचा भार त्यावर पडत होता. तेल सोडण्यासाठी म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू करताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली. तेलाने ती बाहेर ढकलली. अखेर तेथे दाबमापक जोडला, तेव्हा चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक दाब आढळला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत पाचरीसारखे घुसवतो आणि त्या पाचरीत निर्माण झालेला दाब सगळा भार उचलून धरतो, ही उपपत्ती ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने मांडली.

मोटारसायकलीत अनेक ठिकाणी गुळगुळीत बेअरिंगांऐवजी गोळ्यांची बेअरिंगे असतात, त्यामुळे तेथील तपशील थोडा निराळा आहे. पण तत्त्व तेच. पापुद्रा टिकावयाचा तर हालचाल पाहिजे, तेलाला योग्य दाटपणा पाहिजे आणि मुख्य म्हणजे त्या जागी तेल पोचले पाहिजे. ते पोचविण्याचे काम एक छोटा पंप करतो. तो तळातील तेल जाळीतून ओढून सिलिंडरच्या माथ्यावरील कॅमपर्यंत चढवितो. शिवाय तेल दट्ट्याची उष्णता वाहून नेते, कड्यांच्या फटी बुजविते, काजळी आपल्यात धरून ठेवते; आणि बहुतेक मोटारसायकलींत गिअर व क्लच हेही त्याच तेलात बुडालेले असतात. मोटारगाडीच्या इंजिनात यासाठी तीन-चार लिटर तेल असते. शंभर घन सेंटीमीटरच्या मोटारसायकलीला सुमारे एका लिटरवर भागवावे लागते. म्हणून मोटारगाडीत अर्धा लिटर कमी होणे आणि मोटारसायकलीत कमी होणे या सारख्या गोष्टी नव्हेत.

तेल कमी होते ते प्रामुख्याने दोन वाटांनी. दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांची रबरे झिजली म्हणजे थोडे थोडे तेल ज्वलनकक्षात शिरून जळते. आणि जोडांमधून वा तळाच्या नटाजवळून ते पाझरते. समजा, एखादे जुने इंजिन हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर तेल खाते. हा आकडा मोठा वाटत नाही. पण तेल बदलण्यास तीन हजार किलोमीटर लागणार असतील तर तोवर ३०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश साठा नाहीसा झालेला असेल. अशा स्थितीत चढावर वा जोराचा ब्रेक लावताना तेल एका बाजूस सरते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि तो तेलाऐवजी हवा ओढू लागतो. त्याची झळ प्रथम सर्वांत वर बसलेल्या कॅमला लागते.

आता पातळी पाहण्याची रीत. गाडी सपाट जमिनीवर न्यावी आणि इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद गतीने चालवावे, म्हणजे तेल थोडे गरम होऊन सर्वत्र फिरते. नंतर ते बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. हे थांबणे अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु वर चढलेले तेल भिंतींवरून ओघळून तळाशी यावयास तेवढा वेळ लागतो, आणि घाईने पाहिले तर पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असली पाहिजे. मग पट्टी असलेले झाकण फिरवून बाहेर काढावे, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावे व पुन्हा आत सोडावे. येथे एक बारकावा आहे. पुष्कळ गाड्यांत पट्टी आट्यांवर नुसती टेकवावयाची असते, फिरवून बसवावयाची नसते. काही गाड्यांत मात्र पूर्ण आवळून मोजावे असे सांगितलेले असते. या दोन रीतींत आट्यांच्या उंचीएवढा फरक पडतो, आणि वरच्या व खालच्या खुणांतील अंतर तरी कितीसे असते! म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका या एका गोष्टीसाठी तरी उघडावी. पट्टी पुन्हा काढल्यावर तेलाची ओली कड दोन खुणांच्या मध्ये असली म्हणजे पातळी ठीक समजावी.

काही गाड्यांना पट्टीऐवजी काच असते. तेथे पुसापुशी नाही, पण गाडी सरळ उभी करण्याची अट तशीच आहे. मधला स्टँड नसेल तर एकाने गाडी सरळ धरावी व दुसऱ्याने खाली बसून काचेवरील दोन रेघांमध्ये तेल कोठे आहे ते पाहावे. एकट्याने वाकून पाहण्याच्या प्रयत्नात गाडी अंगावर घेतल्याची उदाहरणे आहेत.

बाजूच्या स्टँडवर मोजलेली पातळी कशी फसवते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. गाडी डावीकडे कललेली, पट्टीचे भोक उजवीकडे. साहजिकच तेल डावीकडे सरलेले. पट्टी जवळजवळ कोरडी निघाली, म्हणून घाबरून अर्धा लिटर तेल ओतले. गाडी जड चालू लागली व दुसऱ्या दिवशी हवेच्या गाळणीच्या पेटीतून तेल ठिबकू लागले. मिस्त्रीने तेवढेच तेल काढून टाकले आणि पैसे न घेता फक्त स्टँडकडे बोट दाखविले.

जास्त तेल बरे, ही समजूत किती चुकीची आहे ते यावरून दिसेल. पातळी फार वाढली म्हणजे तळाशी फिरणारे भाग तेलात आपटू लागतात. ताक घुसळावे तसे तेल घुसळले जाऊन त्याला फेस येतो. फेस म्हणजे मुख्यतः हवाच. ती पापुद्रा धरीत नाही. त्यातच तेल अधिक तापते, शक्ती वाया जाते व तेलाचे रबरी सील गळू लागतात.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटविषयी येथे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. या गाडीच्या भारतीय उत्पादनासाठी मद्रास येथे १९५५ मध्ये कंपनी स्थापन झाली, आणि तशा कित्येक गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांत तेलाचा साठा इंजिनाच्या पेटीतच, परंतु क्रँकपासून वेगळ्या कप्प्यात असतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तेल हळूहळू त्या कप्प्यातून क्रँकच्या बाजूस झिरपते. मग पट्टीवर तेल कमी दिसते, वास्तविक ते इंजिनातच दुसरीकडे असते. अजाण मनुष्य त्यात भर घालतो. इंजिन सुरू होताच पंप झिरपलेले तेल परत आणतो आणि साठा ओसंडतो. म्हणून या गाडीत इंजिन काही मिनिटे चालविल्यावाचून पट्टीवर विश्वास ठेवू नये.

भर घालावयाची ती कोणत्या तेलाची? डब्यावर '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. मोटार अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने तेलांची दाटपणानुसार वर्गवारी १९११ मध्ये सुरू केली, तिचे हे आजचे रूप. 'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर आहे. त्यामागचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही राहते. पुढचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते हे दाखवितो. ३० पेक्षा ४० दाट. पुस्तिकेत जे आकडे असतील तेच घ्यावे. उन्हाळा कडक आहे म्हणून आपल्या मनाने दाट तेल घालण्याची जी चाल आहे तिला विशेष आधार नाही, कारण पुस्तिकेत हवामानाचा विचार केलेलाच असतो.

याखेरीज डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही अक्षरे पाहावी. १९९८ पासूनच्या या जपानी मानकाचे कारण क्लचमध्ये आहे. क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरावयाचे असते, म्हणजे तेथे घर्षण हवेच असते. मोटारगाड्यांच्या काही तेलांत घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती मोटारसायकलीत गेली तर क्लच घसरू लागतो. परंतु रस्त्यात पातळी खालच्या खुणेखाली गेलेली आढळली आणि नेमके आपले तेल मिळाले नाही, तर त्याच आकड्यांचे व मानकाचे दुसऱ्या कंपनीचे तेल घालण्यास भिऊ नये. अशी तेले एकमेकांत मिसळतात. कमी तेलावर पुढचे पन्नास किलोमीटर जाणे हे त्याहून कितीतरी वाईट.

ओतताना स्वच्छ नरसाळे घ्यावे व भोकाच्या कडेची माती आधी पुसावी. आत गेलेला वाळूचा कण तेलाबरोबर फिरत राहतो. एका वेळी पन्नास मिलिलिटर तेल घालून थोडे थांबावे व पुन्हा मोजावे. पातळी वरच्या खुणेच्या जवळ आली की हात आवरावा. झाकण हाताने नीट आवळावे. पान्याचा जोर लावल्यास आटे खराब होतात.

पट्टी पुसताना तेलाकडेही पाहावे. काळे तेल पाहून दचकण्याचे कारण नाही. काजळी आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. दुधाळ, फिकट रंग आला असेल तर पाणी शिरले आहे. पूर ओलांडलेल्या गाडीत, किंवा पावसाळ्यात अगदी थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत असे होते. पातळी आपोआप वाढलेली दिसली व पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल तेलात मिसळते आहे. अशा वेळी भर घालून उपयोग नाही. तेल बदलून दोष काढला पाहिजे.

आठवड्यातून एकदा व लांबच्या प्रवासापूर्वी ही तपासणी करावी, आणि तारीख, किलोमीटर, पातळी व घातलेले तेल वहीत टिपावे. दरमहा सारखीच भर लागत असेल तर इंजिनाची सवय कळते. ती एकाएकी वाढली, शिवाय धुराड्यातून निळसर धूर दिसू लागला, तर ही वही मिस्त्रीला दाखवावी. 'तेल खाते' या मोघम तक्रारीपेक्षा तिचा त्याला अधिक उपयोग होतो. धूर नसून उणीव असेल, तर रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग कोठे पडला आहे त्यावरून गळतीची जागा बहुधा सापडते.

बाहेर काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. भारतातील २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे तेल पाठविणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.