नुसता पाय दाबला म्हणजे रेसर होत नाही

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा पोरगा बुंगाट गाडी पळवत गेला की टपरीवर दोन शेरे हमखास ऐकू येतात. एक, ‘मरतंय आता हे!’ दुसरा, ‘हा पुढं रेसर होणार!’ पहिल्याला निदान काही आधार असतो. दुसऱ्याला अजिबात नसतो.

आपला जिल्हा तसा गाड्यांचाच. वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा, शिवाय सस्पेन्शन आणि ब्रेकचे भाग बनवणारे कारखाने. सिल्लोडच्या कितीतरी घरांतून तिथे रोज शिफ्टला माणूस जातो. गाडी बनते कशी, हे इथे पुष्कळांना ठाऊक आहे. पण शर्यतीची गाडी चालवण्यावर पोट भरणारी माणसे असतात आणि त्या पेशाची एक ठरलेली वाट असते, याबद्दल ऐकीव माहितीच जास्त. त्यातही फॉर्म्युला गाड्यांबद्दल. एकाच माणसाची बैठक, डोक्यावर छप्पर नाही आणि चारही चाके बॉडीच्या बाहेर उघडी, अशा या गाड्या. मोबाइलवर त्यांच्या शर्यती पाहून पोरे स्वप्ने रंगवतात आणि आईबाप धास्तावतात. दोघांचेही काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : रस्त्यावर जो वेगाने पळवतो, तो ट्रॅकवरही पळवील.

वस्तुस्थिती : सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी ही दोन कामे मुळातच वेगळी आहेत.

सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबणे कुणालाही जमते. रेसरची परीक्षा ब्रेक लावताना होते. सराव संपला की चालक हेल्मेट काढतो आणि इंजिनिअरशेजारी लॅपटॉपसमोर बसतो. पडद्यावर दोन रेषा असतात, एक त्याची आणि दुसरी त्याच्या संघातल्या जोडीदाराची. कोणत्या मीटरवर ब्रेक दाबला, किती जोराने दाबला, सोडताना पाय हळू उचलला की झटक्यात, वळणाच्या मध्यावर स्टीअरिंग किती अंश फिरले, सगळे त्यात उमटलेले असते. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास ७० मीटर कापते. म्हणजे ‘पाच मीटर उशिरा ब्रेक लाव’ या सूचनेचा अर्थ होतो सेकंदाच्या चौदाव्या भागाचा फरक. तो फरक एकदा साधणे पुरेसे नाही. टायर झिजत असताना, टाकीतले इंधन कमी होऊन गाडी हलकी होत असताना, तो फेरीमागून फेरी साधावा लागतो. यात बेदरकारपणा कामाचा नाही. इथे लागतो तो हिशेबीपणा.

गैरसमज २ : अठरा पूर्ण झाले, लायसन्स निघाले, की सुरुवात करू.

वस्तुस्थिती : तोवर बरोबरीची पोरे दहा वर्षे पुढे गेलेली असतात. या पेशाची बालवाडी म्हणजे कार्टिंग, आणि ते सात-आठ वर्षांच्या वयात सुरू होते. रेसिंग कार्ट दिसायला खेळण्यासारखी असते, पण तिला ना सस्पेन्शन ना डिफरन्शियल. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर फिरतात. म्हणून वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले गेले नाही, तर गाडी अडखळते. हे तंत्र लहान वयात अंगात भिनते.

त्यानंतर पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला-४, मग फॉर्म्युला-३, फॉर्म्युला-२ आणि टोकाला फॉर्म्युला-वन. मॅक्स व्हर्स्टॅपन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला-वनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्याकडे साधे मोटारीचे लायसन्सही नव्हते. त्यानंतर नियम बदलले. आता किमान वय १८ आहे, सूट मिळते ती अपवाद म्हणूनच. रस्त्यावरचे लायसन्सही त्या बदलात सक्तीचे झाले.

गैरसमज ३ : जो सगळ्यांत वेगवान, तो आपोआप फॉर्म्युला-वनमध्ये पोचतो.

वस्तुस्थिती : तिथे जागाच मोजक्या. वर्षानुवर्षे दहा संघ आणि वीस जागा होत्या. २०२६ मध्ये कॅडिलॅकचा संघ आल्यावर त्या बावीस झाल्या. साऱ्या जगातून एवढ्याच, आणि त्याही दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. शिवाय ‘सुपर लायसन्स’ लागते. त्यासाठी तीन मोसमांत मिळून ४० गुण जमवावे लागतात, फॉर्म्युला-वनच्या गाडीत ३०० किलोमीटर चालवून दाखवावे लागते आणि नियमांची परीक्षा द्यावी लागते. फॉर्म्युला-२ मध्ये पहिल्या तिघांत आलात, तर ते ४० गुण एका दमात मिळतात.

एवढे करूनही दार उघडेलच असे नाही. ब्राझीलचा फेलिपे द्रुगोविच २०२२ चा फॉर्म्युला-२ विजेता. बक्षीस काय मिळाले, तर अॅस्टन मार्टिन संघात राखीव चालकाची खुर्ची. ऑस्कर पिआस्त्री २०२१ चा विजेता, त्यालाही पुढचे वर्ष बाकावर बसून काढावे लागले.

आपल्या राज्यातले उदाहरण जेहान दारूवालाचे. हा मुंबईचा मुलगा रायोमंद बनाजी यांच्या हाताखाली कार्टिंग शिकला. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून मुले निवडली, त्या अंतिम तिघांत तो होता. मग युरोप. २०१९ मध्ये तो फॉर्म्युला-३ मध्ये तिसरा आला. पुढच्या वर्षी रेड बुल संघाच्या युवा चालकांत त्याची निवड झाली, आणि त्याच डिसेंबरात बहरीनमध्ये त्याने फॉर्म्युला-२ ची पहिली शर्यत जिंकली. २०२२ मध्ये मॉन्झाची मुख्य शर्यतही मारली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला-वन गाडी चाचणीसाठी त्याच्या हाती आली. फॉर्म्युला-२ मध्ये त्याने एकूण चार मोसम काढले. फॉर्म्युला-वनची जागा मात्र आली नाही. पुढे तो मासेराती संघाकडून विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला-ई मध्ये उतरला. यात तो कुठे कमी पडला, असे विचारणाऱ्याने आधी त्या वर्षांत जागा किती मोकळ्या होत्या ते विचारावे.

आजवर फॉर्म्युला-वनच्या शर्यतीत दोनच भारतीय धावले. २००५ मध्ये जॉर्डन संघातून कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन, आणि २०१० मध्ये हिस्पानिया संघातून चेन्नईचा करुण चांडोक. तिसऱ्या नावाची वाट अजून पाहिली जाते आहे. बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला-२ ची स्प्रिंट शर्यत जिंकून ती आशा जागती ठेवली.

गैरसमज ४ : रेसर म्हणजे कोट्यधीश.

वस्तुस्थिती : वरच्या पायरीवरचे काही जण आहेतच. पण खालच्या सगळ्या पायऱ्यांवर पैसा उलट्या दिशेने वाहतो. तिथे चालक संघाला पैसे देतो. टायर, इंजिनाची बांधणी, मेकॅनिक, प्रवास, अपघातात मोडलेले भाग, सगळ्याचे बिल चालकाच्या नावे निघते. फॉर्म्युला-२ चा एक मोसम वीस कोटी रुपयांच्या पुढे जातो, असे या वर्तुळात सर्रास सांगतात. हा आकडा ऐकून शेत विकायला निघालेल्या बापाला आधी हात धरून खाली बसवावे.

मग पैसा येतो कुठून? वडिलांच्या खिशातून, प्रायोजकांकडून, नाहीतर मोठ्या संघाच्या युवा योजनेतून. फ्रान्सच्या एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकले आणि कॅराव्हॅनमध्ये राहून मुलाला शर्यतींना नेले. लुईस हॅमिल्टनचे वडील त्याच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत. १९९८ मध्ये तेरा वर्षांच्या लुईसला मॅक्लारेनने हाताशी धरले, तेव्हा कुठे ओझे हलके झाले. अशा कहाण्या खऱ्या आहेत. फक्त घर विकूनही ज्यांचे जमले नाही, त्यांच्या कहाण्या कुणी छापत नाही.

म्हणून प्रायोजकापुढे बसून आपली बाजू मांडणे, त्याच्या कंपनीला काय मिळेल ते नीट सांगणे, हाही या नोकरीचाच भाग. पोरगा वेगवान आहे पण चारचौघांत बोलायला लाजतो, तर तेही शिकवावे लागते.

गैरसमज ५ : बसून तर काम करायचे, त्याला अंगात जोर कशाला?

वस्तुस्थिती : फॉर्म्युला-वनची गाडी जोरात ब्रेक मारते, तेव्हा चालकाच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो. डोके आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो. पाचपट केले की मानेवर तीस किलोंहून जास्त भार, तोही प्रत्येक मोठ्या वळणाआधी, दीड तास. ब्रेकच्या पेडलवर शंभर किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. फॉर्म्युला-२ मध्ये तर पॉवर स्टीअरिंगच नसते, त्यामुळे खांदे आणि मनगटे भरून येतात. सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटे जाते. हेल्मेटमध्ये नळीने येणारे पाणीही थोड्या वेळात चहासारखे गरम होते.

बैठकही गादीची नसते. मोसमाआधी चालकाला गाडीत बसवून त्याच्या पाठीमागच्या पिशवीत द्रव फोम ओततात. तो फुगून घट्ट झाला की त्याच्या पाठीचा साचा तयार. त्यावरून कडक सीट बनते. ती दुसऱ्या कुणाला नीट बसत नाही.

गैरसमज ६ : हा मरणाशीच खेळ.

वस्तुस्थिती : धोका आहे, आणि तो नाकारणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. १ मे १९९४ ला इमोलाच्या ट्रॅकवर अपघातात चालक आयर्टन सेना गेला. २०१४ मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर जखमी झालेला ज्युल्स बियांकी पुढच्या वर्षी गेला. पण प्रत्येक अपघातानंतर नियम कडक होत गेले. चालकाच्या डोक्याभोवतीचे टायटॅनियमचे कडे, ‘हेलो’, २०१८ पासून सक्तीचे झाले. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये रोमाँ ग्रोझाँची गाडी लोखंडी कठडा फोडून दोन तुकडे झाली आणि पेटली. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले, जीव वाचला. हेलो, कार्बन फायबरची कोठी आणि आग न धरणारा पोशाख, यांनी तो वाचवला. भर रस्त्यात साध्या हेल्मेटने, किंवा तेही न घालता, शर्यत लावणाऱ्याजवळ यातले एकही नसते.

गैरसमज ७ : हे पोरींचे काम नाही.

वस्तुस्थिती : नियमांत तशी कुठलीच आडकाठी नाही. फॉर्म्युला-वनपर्यंत मुले-मुली एकाच रांगेत उभे राहतात. इटलीच्या लेला लोंबार्दीने १९७५ च्या स्पॅनिश शर्यतीत सहावी येऊन अर्धा गुण मिळवला होता. मुंबईत वाढलेली स्नेहा शर्मा विमान चालवण्याची नोकरी सांभाळून फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीत उतरली. मुली कमी दिसतात, त्याचे कारण आठव्या वर्षी कार्टमध्ये बसवताना घरचे मुलाचाच विचार करतात. २०२३ पासून ‘एफ-वन अकॅडमी’ ही खास मुलींची मालिका सुरू झाली, ती ही उणीव भरून काढण्यासाठीच.

गैरसमज ८ : फॉर्म्युला-वन नाही मिळाले, म्हणजे सगळे पाण्यात.

वस्तुस्थिती : या पेशातून पोट भरणाऱ्या बहुतेकांनी फॉर्म्युला-वनची शर्यत कधी चालवलेलीच नाही. अमेरिकेत इंडीकार आहे, जपानमध्ये सुपर फॉर्म्युला आहे. कार्तिकेयन फॉर्म्युला-वननंतर जपानला जाऊन तिथे धावला. फॉर्म्युला-ई मध्ये तर २०१४ च्या पहिल्या मोसमापासून मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन चालकांपैकी एक होता चांडोक. तो आता दूरचित्रवाणीवर शर्यतींचे विश्लेषण करतो. कुशचा थोरला भाऊ अर्जुन मैनी बंद चाकांच्या गाड्यांकडे वळला आणि जर्मनीच्या डीटीएम मालिकेत धावतो. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला-३ मालिकेत धावून आला आणि नंतर सार्वजनिक जीवनात रमला. प्रशिक्षक, चाचणी चालक, सिम्युलेटर चालक, डेटा इंजिनिअर, ही सगळी याच झाडाची फळे.

गैरसमज ९ : सिल्लोडच्या पोराने याचा विचारही करू नये.

वस्तुस्थिती : विचार जरूर करावा, पण क्रमाने. पहिली पायरी स्वस्त आहे. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तर भाड्याच्या कार्टच्या दहा-पंधरा फेऱ्या मारून पाहा. फेरीच्या वेळेचा कागद हातात मिळतो. पोराच्या फेऱ्यांतला फरक कमी कमी होतोय का, ते बघा. एखादीच फेरी भन्नाट आणि बाकीच्या विस्कळीत, असे असेल तर अजून वेळ आहे. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. स्पर्धेत उतरायचे तर देशातल्या मोटरस्पोर्टची मुख्य संस्था एफएमएससीआयचे लायसन्स काढावे लागते. पुढे एलजीबी फॉर्म्युला-४ ही देशी मालिका आहे. त्या गाडीत मारुती स्विफ्टचे १.३ लिटरचे इंजिन असते, म्हणून ती युरोपातल्या गाड्यांपेक्षा खूप स्वस्त पडते. शर्यती मुख्यतः कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात. म्हणजे प्रवासाचा खर्च धरूनच चालायचे.

सिम्युलेटरही आज खरी वाट आहे. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी ऑनलाइन शर्यतींतून वर येत २०२२ मध्ये फॉर्म्युला-२ पर्यंत पोचला. चांगले स्टीअरिंग-पेडल आणि इंटरनेट असेल, तर हा सराव सिल्लोडमध्ये बसूनही होतो.

आणि ज्याला गाडी चालवण्यापेक्षा ती बनवण्यात गोडी आहे, त्याच्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ‘फॉर्म्युला भारत’ आणि ‘सुप्रा’ या स्पर्धा आहेत. तिथे विद्यार्थी स्वतः फॉर्म्युला गाडी घडवतात, तिची किंमत मांडतात, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतात आणि मग ती ट्रॅकवर पळवतात. ज्या जिल्ह्यात चासीस, ब्रेक आणि सस्पेन्शन ही रोजच्या कामाची बोली आहे, तिथल्या पोराला हे दार सगळ्यांत जवळचे. चालकाच्या बावीस जागा साऱ्या जगाला मिळून आहेत. त्या प्रत्येक गाडीमागे शेकडो माणसे राबतात, आणि त्यांना मात्र आठव्या वर्षी कार्टमध्ये बसावे लागलेले नसते.