टास्मानियाची मुंबईकरीण

५ मार्च १९३६ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात ऑस्करचा सोहळा झाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत ‘द डार्क एंजल’साठी मर्ल ओबेरॉनचं नाव होतं. पारितोषिक बेटी डेव्हिसने नेलं. आशियाई रक्ताच्या अभिनेत्रीला मिळालेलं हे पहिलं नामांकन, पण हा विक्रम आहे हे लोकांना कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. स्टुडिओने पुरवलेल्या माहितीप्रमाणे मर्ल ही ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर जन्मलेली, चांगल्या इंग्रज घराण्यातली मुलगी होती.

प्रत्यक्षात ती १९११ साली मुंबईत जन्मली. एस्टेल थॉम्प्सन तिचं नाव, घरात ‘क्वीनी’ म्हणत. वडील रेल्वेत नोकरी करणारे इंग्रज. शार्लट ही सिलोनकडची मिश्रवंशीय बाई, तिला ती आई म्हणत असे. जन्मनोंदीवरून पुढे निघालं ते असं की शार्लट तिची आजी होती आणि जिला ती बहीण समजत होती ती, शार्लटची अल्पवयीन मुलगी, तिची खरी आई. लहानपणीच ही मंडळी कलकत्त्याला गेली. तिथे ला मार्टिनियर शाळा, मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी नाटक मंडळी. विशी गाठायच्या आत ती युरोपला गेली. लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेस पडली आणि १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये राणी ॲन बोलिन म्हणून झळकली. बोलिन पडद्यावर काही मिनिटंच दिसते, पण तेवढं पुरलं.

टास्मानियाच का? त्या काळच्या अमेरिकन किंवा इंग्रज पत्रकाराला तिथे जाऊन शहानिशा करणं परवडणारं नव्हतं, हे एक. शिवाय तिथली वस्ती ब्रिटिश, म्हणजे माणूस आपोआप गोरा ठरत होता. शार्लट तिच्यासोबत लंडनला राहिली. पाहुण्यांसमोर तिची ओळख घरची मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं तिचे चरित्रकार सांगतात. १९३७ साली ती वारली. नंतर मर्लने तिचं चित्र काढून घेतलं, त्यात कातडीचा रंग बराच उजळ आहे.

मर्लला खोटारडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं तेही पाहायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला होता, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हे दार १९४६ साली किलकिलं झालं. खुद्द कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी काळ्यांशी किंवा चिन्यांशी लग्न करायला १९४८ पर्यंत कायद्याने बंदी होती. आणि सिनेमाचा स्वतःचा सोवळ्याचा ग्रंथ वेगळाच होता.

हा ग्रंथ म्हणजे ‘हेज कोड’. १९३० साली लिहिला गेला, १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन या गृहस्थांच्या कचेरीने तो कडकपणे लावायला सुरुवात केली. त्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध दाखवायला स्पष्ट मनाई होती. अक्षर काळ्या-गोऱ्यांपुरतं असलं तरी स्टुडिओ आशियाई नटांच्या बाबतीतही तोच नियम धरून चालत. हे कलम १९५६ पर्यंत टिकलं.

जुन्या हॉलिवूडमध्ये गोरेतर चेहरे नव्हते, ही समजूत चुकीची आहे. भरपूर होते. स्वयंपाकघरात, धोबीखान्यात, युद्धाच्या गर्दीत, नाइटक्लबच्या रंगमंचावर होते. १९१५ साली ‘द चीट’मुळे जपानी सेसू हायाकावा तर बायकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. गाडी अडायची ती प्रेमाच्या प्रसंगात. गोऱ्या नायकाला किंवा नायिकेला कोणी जवळ घ्यायचं, हा प्रश्न आला की पात्रयोजना बदले. आणि नायक-नायिका गोरेच असल्यामुळे हा प्रश्न सारखाच येई.

ॲना मे वाँगची गोष्ट घ्या. १९०५ साली लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, चिनी लाँड्रीवाल्याची मुलगी. १९२२ साली ‘द टोल ऑफ द सी’ या रंगीत मूकपटाची नायिका. ‘शांघाय एक्सप्रेस’मध्ये मार्लेन डीट्रिखसमोर ती कमी बोलते आणि तरी आपलं लक्ष तिच्याकडेच राहतं. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’वर एमजीएमने चित्रपट काढायचं ठरवलं तेव्हा शेतकऱ्याची बायको ओ-लान आपल्याला मिळावी, अशी तिची फार इच्छा होती. चिनी शेतकरी म्हणून घेतला होता पॉल म्यूनी, म्हणजे गोरा. मग बायकोही गोरीच हवी! ओ-लान झाली लुइझ रायनर आणि तिला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. वाँगपुढे दुसरी बायको लोटस हिची भूमिका आली. सगळे मुख्य नट गोरे आणि घर फोडणारी तेवढी चिनी, हे तिला मंजूर नव्हतं. ती चीनला निघून गेली. लोटस व्हिएन्नाच्या एका नर्तकीने केली. १९३७ सालचा हा चित्रपट आज बघताना रायनरचं काम वाईट वाटत नाही, हीच खरी पंचाईत आहे.

मर्लच्या अगदी उलट वाटेने गेली फ्रेडी वॉशिंग्टन. जॉर्जिया राज्यातली कृष्णवर्णीय मुलगी, पण वर्ण इतका उजळ आणि डोळे इतके हिरवट की गोरी म्हणून सहज खपली असती. तिने ते साफ नाकारलं. १९३३ साली ‘द एम्परर जोन्स’मध्ये ती कृष्णवर्णीय नट पॉल रोबसनसोबत होती. रोबसन गोऱ्या बाईला कवटाळतो आहे असं प्रेक्षकांना वाटेल, या भीतीने तिच्या चेहऱ्याला गडद रंग फासून प्रसंग पुन्हा चित्रित केले गेले. म्हणजे रंगभूषेच्या टेबलावर एकीला उजळवायचं आणि दुसरीला काळवंडवायचं, दोन्ही कामं चालू होती. १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’मध्ये फ्रेडीने पिओला केली, गोरी म्हणवून घेण्यासाठी आईला नाकारणारी मुलगी. मर्लच्या घरातली हकीकतच जणू. चित्रपट गाजला, फ्रेडीच्या वाट्याला मात्र पुढे फारशी कामं आली नाहीत. मोलकरणीसाठी ती फार गोरी, नायिकेसाठी काळी. १९३७ नंतर तिने पडदा सोडला आणि कृष्णवर्णीय नटांची संघटना उभारण्यात, वर्तमानपत्रात लिहिण्यात लक्ष घातलं.

मिश्रवंशीय पात्र हवं, पण नटी गोरीच हवी, या हट्टाचा सर्वाधिक फायदा झाला एव्हा गार्डनरला. ‘शो बोट’मधली ज्यूली ही गोरी म्हणून वावरणारी मिश्रवंशीय गायिका. तिचं गाणं कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नने एमजीएमच्याच १९४६ च्या चित्रपटात म्हटलेलं होतं. १९५१ साली अख्खा ‘शो बोट’ झाला तेव्हा ज्यूली गार्डनरला मिळाली. १९५६ च्या ‘भोवानी जंक्शन’मधली अँग्लो-इंडियन व्हिक्टोरियाही तीच.

मर्लचं १९३९ मधलं काम या सगळ्यावर कडी करणारं आहे. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतला हीथक्लिफ सावळा, कुठून आला ते ठाऊक नसलेला पोरगा. विल्यम वायलरच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये तो झाला लॉरेन्स ऑलिव्हिए. आणि गोऱ्यापान कॅथीच्या भूमिकेत मर्ल! पुढे एका अपघाताचे तिच्या चेहऱ्यावर राहिलेले व्रण झाकण्यासाठी छायाचित्रकार ल्यूशन बॅलर्डने तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा एक छोटा दिवा तयार केला. तो आजही ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. बॅलर्डशी तिने लग्नही केलं.

आपल्याकडच्या माणसांचं काय? म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा पोरगा साबू १९३७ साली ‘एलिफंट बॉय’मधून थेट जगभर पोचला. तोवर नट म्हणून त्याला काहीच शिकवलेलं नव्हतं आणि तोच त्याचा गोडवा. पण तो मोठा झाल्यावर कंबरेला वस्त्र गुंडाळलेला जंगलातला मुलगा याखेरीज त्याला काय द्यावं हे स्टुडिओंना सुचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीशी बसून त्याने मशीनगन चालवली, पदक मिळवलं. १९६३ साली, चाळिशीही न गाठता, गेला.

त्याच्या १९३८ च्या ‘द ड्रम’वर मुंबईत निदर्शनं झाली. सरहद्दीवरचा कपटी पठाण त्यात कॅनडाच्या रेमंड मॅसीने रंगवला होता. पुढच्या वर्षी ‘गंगा दीन’ आला, त्यात पाणक्या भिस्ती झाला न्यूयॉर्कचा सॅम जॅफी. या चित्रपटांविरुद्ध सर्वांत जोराची लेखणी चालली ती ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांची. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस. जीभ तिखट, इंग्रजी त्याहून तिखट. त्यांचा आक्षेप नुसत्या रंगाला नव्हता, गोऱ्यांच्या राज्याचं समर्थन करायला काळा मुखवटा वापरण्याला होता. ‘गंगा दीन’वर मुंबई आणि बंगाल इलाख्यात बंदी आली. बंदीचा मी चाहता नाही, पण ही टीका आज परदेशात छापून येते त्यापेक्षा फार लवकर आपल्याकडे झाली, एवढी नोंद व्हायला हवी.

पुन्हा हॉलिवूडकडे वळू. हॅटी मॅक्डॅनियलला ‘गॉन विथ द विंड’मधल्या दाईसाठी १९४० साली ऑस्कर मिळालं, तेव्हा सोहळ्याच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नसल्याने निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली आणि तिचं टेबल सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेला मांडलं गेलं. अभिनयासाठी ऑस्कर मिळालेली पुढची कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, १९९१ साली.

कोड गेला, सवय राहिली. डेव्हिड लीनने १९८४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ काढला. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे अस्सल भारतीय नट त्यात होते. दक्खनी ब्राह्मण प्रोफेसर नारायण गोडबोले मात्र लीनने आपला जुना दोस्त सर ॲलेक गिनेसला दिले, तपकिरी रंग चढवून. त्यांचा नाचाचा प्रसंग तर कात्रीत गेला. गोडबोल्यांसाठी भारतात माणूस मिळत नव्हता असं कोणी म्हणू नये: दोनच वर्षांपूर्वी, ॲटनबरोंच्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा केल्या, त्याबद्दल बाफ्टा मिळवलं, आणि त्याच चित्रपटात गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू.