लॅपटॉप उघडायचा कुठे?

संगणकावर घरून काम करणारे एखादे तरी माणूस आता आपल्या नात्यागोत्यात सापडतेच. कुणी पुण्यातल्या कंपनीचे हिशेब पाहतो, कुणी दुबईच्या दुकानासाठी जाहिराती तयार करते, कुणी अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले तपासते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक घरांत हे काम पहिल्यांदाच शिरले. टाळेबंदी उठली, काम मात्र बऱ्याच घरांत राहून गेले. त्याच्यासाठी वेगळी जागा कुणीच केली नव्हती. दोन खोल्यांच्या घरात अब्बांच्या बातम्या, मुलांचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या आणि पाहुण्यांची ये-जा या सगळ्यांच्या मधोमध लॅपटॉप उघडला जातो.

मग एक दिवस ते माणूस म्हणते, "मी कॅफेत जाऊन बसते," किंवा "को-वर्किंगमध्ये खुर्ची घेतो." को-वर्किंग म्हणजे सामाईक ऑफिस. तिथे टेबल-खुर्ची, इंटरनेट आणि वीज दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळते. घरात लगेच दोन प्रश्न उठतात. घर असताना बाहेर बसण्याचे पैसे कशाला? आणि कॉफीच्या दुकानात बसून कसले काम होते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधले, तर भांडणही टळते आणि पैसेही वाचतात.

कॉफीखान्यातला जुना कारभार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून पंधराव्या शतकात कॉफी पीत असत. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीखाने उघडले आणि तिथे माणसे गप्पांबरोबर कामासाठीही बसू लागली. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांचे कॉफीगृह सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांच्या कप्तानांचा आणि व्यापाऱ्यांचा अड्डा बनले. जहाजांचे विमे तिथल्या टेबलांवरच उतरवले जाऊ लागले.

पुढे व्यवहार इतका वाढला की कॉफीगृह अपुरे पडले. १७७१ मध्ये ७९ विमेकऱ्यांनी स्वतंत्र जागेसाठी प्रत्येकी १०० पौंड भरले आणि १७७४ मध्ये त्यांचा कारभार रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीत गेला. जगप्रसिद्ध 'लॉइड्स' विमाबाजार तो हाच. आजच्या अर्थाने को-वर्किंगची सुरुवात २००५ मध्ये सान फ्रान्सिस्कोत झाली असे मानले जाते, पण मूळ गोष्ट जुनीच आहे. काम कॉफीच्या टेबलावर सुरू होते आणि वाढले की वर्गणी भरून वेगळी जागा घ्यावी लागते. आपले काम यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

कामाचे तीन प्रकार

जागेचा विचार करण्याआधी कामाचा करावा. आम्ही त्याचे तीन भाग करतो: एकट्याने करायचे काम, बोलायचे काम आणि जपायचे काम.

लिहिणे, भाषांतर, चित्रे, कोडिंग ही एकट्याची कामे. आजूबाजूला थोडी गडबड असली तरी ती चालतात. काहींना तर अनोळखी माणसांच्या गर्दीत अधिक चांगली एकाग्रता लाभते, कारण तिथे कुणी "जरा गॅसचा सिलिंडर घे गं" म्हणून हाक मारत नाही. अशा कामाला कॅफे पुरतो, तोही दोन-अडीच तास.

दिवसात तीन-चार वेळा व्हिडिओ कॉलवर बसावे लागत असेल, तर ते बोलायचे काम. कॅफेतले गाणे, मिक्सरचा आवाज, शेजारच्या टेबलावरचे हसणे हे सगळे समोरच्याला ऐकू जाते. शिवाय आपण मोठ्याने बोलतो त्याचा त्रास बाकीच्या गिऱ्हाइकांना होतो. अशा कामाला दार बंद करता येईल अशी खोली लागते.

तिसरे जपायचे काम. लोकांची बिले, आजारपणाची कागदपत्रे, बँकेचे तपशील ही दुसऱ्याची अमानत आपल्या पडद्यावर असते. कॅफेत मागे बसलेल्याला पडदा सहज दिसतो. सगळ्यांसाठी खुले असलेले वायफाय अशा कामाला वापरू नये. आपल्या मोबाइलचे नेट घ्यावे आणि कंपनीने व्हीपीएन दिले असेल तर ते चालू ठेवावे. काही कंपन्या सार्वजनिक जागेत बसून काम करायला करारातच मनाई करतात. तो करार आधी वाचावा. तिथे मनाई असेल तर कॅफेचा प्रश्नच मिटला आणि को-वर्किंगसाठीही लेखी परवानगी घ्यावी.

पेल्याचे भाडे आणि खुर्चीचे भाडे

कॅफेत खुर्चीचे भाडे कुणी मागत नाही. ते पेल्याच्या किमतीत असते. एका कॉफीवर चार तास टेबल अडवले, तर मालकाची तीन गिऱ्हाइके परत जातात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांनी पिढ्यान्‌पिढ्या बनमस्का आणि चहावर माणसे बसवली, पण गर्दीच्या वेळी उठणे ही तिथली अलिखित रीत होती. ती आजही पाळावी. दुपारच्या जेवणाची वेळ टाळावी, दोघांच्या टेबलावर एकट्याने पसारा मांडू नये, दर दीड तासाने काहीतरी मागवावे.

आता हिशेब करू. आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे दर घालून पाहावेत. समजा कॅफेत दिवसाला दोनदा मिळून ४०० रुपये जातात. महिन्यात आठ दिवस गेलो तर ३,२०० रुपये, बावीस दिवस गेलो तर ८,८०० रुपये. को-वर्किंगची खुर्ची महिना ६,००० रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८० रुपये, एकूण ७,०८०. म्हणजे महिन्यात सतरा दिवसांपर्यंत कॅफे स्वस्त आणि अठराव्या दिवसापासून को-वर्किंग स्वस्त. मात्र को-वर्किंगचे पैसे गेलो नाही तरी द्यावे लागतात. ईद, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, आजारपण यांचे दिवस वजा करून आपण खरेच किती दिवस जाणार, हे प्रामाणिकपणे मोजावे. थोडेच दिवस जायचे असेल, तर बऱ्याच ठिकाणी एका दिवसाचा पास मिळतो.

करार करताना पुढचे प्रश्न विचारावेत. अनामत किती आणि ती कधी परत मिळणार? किमान किती महिने सोडता येणार नाही? खुर्ची ठरलेली की रोज मिळेल ती? कॉलसाठी बंद खोली महिन्याला किती तास, आणि जास्त वापरली तर किती पैसे? वीज गेल्यावर इंटरनेट चालते का? सामान ठेवायला कुलपाचे कपाट आहे का? उत्तरे तोंडी ऐकून घेऊ नयेत, कागदावर मागावीत.

डबा, नमाज आणि रोजा

आपल्या घरांचे काही प्रश्न या हिशेबात पकडले जात नाहीत. कॅफेत बाहेरचा पदार्थ खाता येत नाही. तिथले मांस हलाल आहे की नाही याची खात्री नसेल, तर दिवसभर बिस्किटांवर काढावा लागतो. को-वर्किंगमध्ये घरचा डबा उघडता येतो, तेवढा बाहेरच्या जेवणाचा खर्चही वाचतो.

जोहर-असरच्या वेळी कॅफेतले टेबल सोडून जायचे तर लॅपटॉप कुणाच्या भरवशावर ठेवणार? सगळे आवरून निघावे लागते आणि परत येईपर्यंत जागा गेलेली असते. म्हणून जागा पाहायला जाताना जवळ मशीद कुठे आहे हेही पाहावे. को-वर्किंगमध्ये दहा मिनिटांसाठी एखादी रिकामी खोली मिळेल का, वुजू करण्यासारखी सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? जुम्याच्या दुपारी कॉल ठेवू नयेत असेही सहकाऱ्यांना आधीच कळवून ठेवावे.

रमजानमध्ये तर कॅफेचे गणितच मोडते. पेला हेच भाडे असेल, तर रोजेदाराने काय मागवायचे? काही न मागवता टेबल अडवणे मालकावर अन्याय, आणि मागवून तसेच टाकणे ही नासाडी. तो महिना घरी किंवा को-वर्किंगमध्ये काढावा. एरवी कॅफेत बसणाऱ्यांनी वर्षाच्या हिशेबात त्या महिन्याची वेगळी तरतूद ठेवावी.

घड्याळ कोणाचे?

काम कोणत्या देशाचे आहे, यावरही जागा ठरते. दुबई आपल्या दीड तास मागे, रियाध अडीच तास. तिथले नऊ म्हणजे आपले साडेदहा आणि साडेअकरा. घरातली सकाळची कामे उरकून बसता येते. पण सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारी कामाचा दिवस. आपल्याकडे पुष्कळ ऑफिसे रविवारी बंद असतात, म्हणून घेतलेली जागा रविवारी उघडी असते का, हे तपासावे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. ते काम आपल्याकडे मगरीबच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपलीकडे जाते. तेव्हा कॅफे बंद झालेले असतात. को-वर्किंग उघडे असले तरी खाली पहारेकरी आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, परतीचे वाहन कोणते, हे घरातल्या कुणीतरी एकदा रात्री जाऊन पाहावे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. "घरीच तर आहेस" असे म्हणून दारावरची बेल, स्वयंपाक, पाहुणे सगळे तिच्याकडे येते. काम वेळेत होत नाही, कंपनीत नाव खराब होते आणि शेवटी "तिला नोकरी झेपली नाही" असे म्हटले जाते. नोकरी तिला झेपत होती, तिच्या वाट्याला सलग तीन तास येत नव्हते. अशा घरात बाहेरच्या खुर्चीवरचा खर्च ही चैन नाही. तिच्या पगाराला लागणारी ती सामग्री आहे, शिंप्याला शिलाई मशीन लागते तशी.

दोन्ही परवडत नसेल तर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. तालुक्याच्या गावात कॅफेही नसतो आणि को-वर्किंगही नसते. तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या अभ्यासिका असतात. महिन्याचे थोडे पैसे भरले की शांत टेबल मिळते. तिथे बोलता येत नाही, पण एकट्याचे काम उत्तम होते. दुसरा मार्ग म्हणजे असेच काम करणाऱ्या चौघांनी मिळून एखादी खोली घेणे. इंटरनेट एक, इन्व्हर्टर एक, भाड्याचे चार वाटे. भाडेकरार कुणाच्या नावावर, आणि एकाने सोडले तर त्याचा वाटा कोण भरणार, एवढे आधी लिहून ठेवावे.

आणि घरातच बसायचे ठरले, तर वेळेचा करार घरच्यांशी करावा. दार लोटलेले असेल तेवढे दोन तास कुणी हाक मारायची नाही. मोठ्यांनी तो पाळला की मुलेही पाळतात.

निर्णय घाईने घेऊ नये. पंधरा दिवस एक वही ठेवावी. रोज किती तास काम झाले, किती कॉल आले, किती वेळा उठावे लागले आणि कुठे किती पैसे गेले, एवढेच तिच्यात लिहावे. पंधराव्या दिवशी ती वही दस्तरखानावर सगळ्यांसमोर उघडावी. कॅफे, को-वर्किंग, अभ्यासिका की घरचा कोपरा, हे त्या पानांवरून घरातल्या सगळ्यांना दिसेल. मग पहिल्या महिन्याचे पैसे कोण भरणार, तेवढेच ठरवायचे उरेल.